एअर सस्पेन्शनच्या नावाखाली गेलेले १ लाख ८३ हजार रुपये

मी सोलापुरात कर सल्लागार म्हणून काम करतो. दुसऱ्यांची बिले तपासणे, त्यांवरचा जीएसटी क्रमांक खरा की खोटा ते पाहणे आणि कच्च्या पावतीवर व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्यांना चार शब्द सुनावणे हाच माझा रोजचा उद्योग आहे. अशा माणसाने स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीपोटी १ लाख ८३ हजार रुपये एकाही पक्क्या बिलाशिवाय मोजले, हे लिहिताना मला संकोच वाटतो. तरीही लिहितो, कारण एअर सस्पेन्शन, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारी रचना, असलेली जुनी एसयूव्ही स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेले माझ्या ओळखीतच चार-पाच जण आहेत आणि त्यांपैकी दोघांना त्याच गॅरेजात, त्याच क्रमाने, जवळपास त्याच शब्दांत, मला जे सांगितले तेच सांगण्यात आले. गॅरेजचे नाव मी देणार नाही; त्याचे कारण पुढे येईल.

गाडी २०११ सालची, जर्मन बनावटीची, सात आसनी डिझेल. २०१९ मध्ये मी ती पुण्याहून सेकंड हँड घेतली. या गाडीला चारही चाकांवर लोखंडी स्प्रिंगऐवजी रबरी फुगे आहेत. एक छोटा विजेवर चालणारा कंप्रेसर बाहेरची हवा ओढून, ती वाळवून, साठवणटाकीत भरतो. तेथून व्हॉल्व्ह ब्लॉक नावाच्या ठोकळ्यातून बारीक प्लॅस्टिक नळ्यांवाटे ती प्रत्येक फुग्यात जाते. चाकांजवळचे सेन्सर उंची मोजतात आणि कंट्रोल युनिट त्यानुसार हवा भरते किंवा सोडते. गाडीच्या टायरमध्ये आपण अडीच बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास हवा ठेवतो, तर अशा प्रणालीचा कंप्रेसर सुमारे सोळा बारपर्यंत दाब देतो. म्हणजे नळीच्या टोकावर केसाएवढी जरी चीर असली तरी रात्रभरात गाडी खाली यायला तेवढी पुरते. हे सगळे मला आज ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

फेब्रुवारी २०२३ मधल्या एका सकाळी जुळे सोलापुरातल्या आमच्या घरासमोर गाडी पुढून खाली आलेली दिसली. शेजारचे गृहस्थ फाटकावरूनच म्हणाले, "साहेब, गाडी बसली की ओ तुमची." गाडी सुरू केल्यावर मागच्या बाजूने घरघर ऐकू आली, पाच-सात मिनिटांत ती हळूहळू वर उचलली गेली आणि मी ऑफिसला निघून गेलो. पुढचे दोन आठवडे रोज हेच चालले. वर यायला लागणारा वेळ मात्र वाढत गेला आणि एका दुपारी अक्कलकोटहून परतताना पडद्यावर सस्पेन्शनचा इशारा आला, तो काही जाईना. ओळखीच्या एका व्यापाऱ्याने परदेशी गाड्यांचे काम करणारे म्हणून होटगी रस्त्याकडचे एक गॅरेज सुचवले. मी तेथे दुपारी दोनच्या सुमारास पोहोचलो. या वेळेला पुढे महत्त्व आहे.

गॅरेजच्या मालकाने गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर लावला, मला पडद्यावरचा दोषाचा कोड दाखवला आणि माझ्याच हाताने गाडी वर घेण्याचे बटण दाबायला लावले. कंप्रेसरचा आवाजही आला नाही. "बघा सर, मी काही सांगत नाही, तुम्हीच बघा. कंप्रेसर खल्लास," असे तो म्हणाला. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर शंका घेण्याचे कारण मला दिसले नाही. वस्तुस्थिती अशी होती की, गळती भरून काढण्यासाठी कंप्रेसर त्या दिवशी सकाळपासून अविरत चालला होता, तापला होता आणि जळू नये म्हणून प्रणालीनेच त्याला बंद करून ठेवले होते. तासाभराने, गार झाल्यावर, तेच बटण दाबले असते तर तो चालू झाला असता. स्कॅनरवरच्या कोडचा अर्थही एवढाच होता की, ठरलेल्या वेळात अपेक्षित दाब तयार झाला नाही. दाब का तयार झाला नाही, हे कोड सांगत नाही. कंप्रेसर कमजोर असला तरी तो कोड येतो आणि कंप्रेसर ठणठणीत असून हवा दुसरीकडून निसटत असली तरीही येतो.

नव्या कंप्रेसरचे ५८ हजार सांगण्यात आले. माल मुंबईहून येणार, तीन दिवस लागणार. बिलाचा विषय मीच काढला, त्यावर मालक हसून म्हणाला, "सर, तुम्हाला मी काय सांगायचं? बिल केलं तर अठरा टक्के वर. ते सरकारला कशाला द्यायचे? वॉरंटी माझी तोंडी, सहा महिने." मी होकार दिला. या वाक्याला मी कोणताही मुलामा देत नाही. रोज दुसऱ्यांना जे करू नका म्हणून सांगतो ते मी केले आणि शेवटी सगळ्या रकमेवर त्याच्या त्या अठरा टक्क्यांनी हिशेब मांडला तेव्हा वाचवलेला कर सुमारे ३३ हजार रुपयांचा निघाला. त्या ३३ हजारांपायी उरलेल्या सगळ्या पैशांचा पुरावा मी माझ्याच हाताने नाहीसा केला.

तीन दिवसांनी गाडी मिळाली, ती ताठ उभी होती. जुना कंप्रेसर दाखवा म्हटल्यावर तो भंगारवाला घेऊन गेल्याचे कळले. नऊ दिवस गाडी व्यवस्थित चालली आणि दहाव्या सकाळी पुन्हा बसली. या वेळी पुढून आणि मागून, दोन्हीकडून. गॅरेजमालकाने चारही बाजूंना वाकून पाहिले आणि निदान जाहीर केले की, नव्या कंप्रेसरचा जोर जुन्या फुग्यांना सोसवला नाही, "सगळीकडून हवा जाते सर, पण पुढचे दोन जास्त गेलेत, जोडीच टाकायला लागते." पुढचे दोन्ही स्ट्रट, म्हणजे शॉक अब्सॉर्बर आणि हवेचा फुगा एकत्र असलेले खांब, 'इम्पोर्टेड, नवे', जोडीचे १ लाख १४ हजार. मजुरीचे दोन्ही वेळचे मिळून ११ हजार. काही रक्कम रोख दिली, काही यूपीआयने. यूपीआयचे पैसे गॅरेजच्या खात्यावर नव्हे, तर मालकाच्या भाच्याच्या क्रमांकावर घेतले गेले. हे त्याच वेळी खटकायला हवे होते.

दुसऱ्या दुरुस्तीनंतर गाडी पाच आठवडे टिकली. एप्रिल संपता संपता, सोलापूरच्या उन्हाने दुपारी रस्त्यावरचे डांबर मऊ पडावे अशा दिवसांत, ती तिसऱ्यांदा बसली. आता सल्ला मिळाला की, एअर सस्पेन्शनच काढून टाका, ५५ हजारांत साध्या लोखंडी स्प्रिंग बसवून देतो, कटकट मिटेल. लोखंडी स्प्रिंग बसवणे चुकीचेच असते असे माझे म्हणणे नाही. काही मालक सगळा खर्च समजून घेऊन तो निर्णय घेतात. पण ज्या माणसाने गेल्या तीन महिन्यांत या प्रणालीचे निम्मे भाग 'नवे' बसवले, त्यानेच ती प्रणाली उचकटून टाकायला सांगावे, हे ऐकल्यावर मात्र माझ्यातला हिशेब तपासणारा माणूस, उशिरा का होईना, जागा झाला. मी गाडी तशीच, आदळत-आपटत, घरी आणली.

माझ्या एका अशिलाच्या मालवाहू गाड्या आहेत. त्यांच्याकडे एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक जुने मेस्त्री येतात, त्यांना सगळे मामाच म्हणतात. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात, त्यामुळे हवेची गळती शोधण्यात त्यांची उभी हयात गेली आहे. असली परदेशी गाडी त्यांनी आजवर उघडली नव्हती आणि ते त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकले. "गाडी मला नवी आहे मालक, हवा नवी नाही," असे म्हणून त्यांनी पिशवीतून काय काढले, तर शिंप्याकडे असतो तसला मोजपट्टीचा टेप. स्कॅनरची त्यांनी चौकशीही केली नाही.

संध्याकाळी गाडी सपाट फरशीवर उभी करून त्यांनी प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंतचे अंतर मोजले आणि चार आकडे मला वहीत लिहायला लावले. सकाळी पाहतो तर चारही कोपरे खाली आलेले, म्हणजे गॅरेजवाल्याचे 'सगळीकडून हवा जाते' हे खरेच वाटावे. मामा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "गाडी बंद असताना हिचा मेंदू झोपतो का जागा असतो?" गाडीसोबतच्या पुस्तिकेत मी शोधले, तेव्हा उलगडा झाला: गाडी उभी असतानाही कंट्रोल युनिट अधूनमधून जागे होऊन उंची तपासते आणि एक कोपरा खाली गेलेला आढळला तर गाडी वाकडी दिसू नये म्हणून उरलेल्या तीन कोपऱ्यांतली हवा सोडून त्यांनाही त्याच पातळीवर आणते. एका कोपऱ्याचे दुखणे अशा रीतीने चारही कोपऱ्यांवर पसरते आणि चोर सापडत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा मोजमाप घेतले आणि या वेळी सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवला. सकाळचे आकडे माझ्या वहीत अजून आहेत. पुढचा उजवा १ मिलिमीटरने खाली, मागचे दोन्ही २ मिलिमीटरने, आणि पुढचा डावा ७४ मिलिमीटरने. तीन महिन्यांत आणि पावणेदोन लाखांहून अधिक रुपयांत जे कोणी केले नाही, ते एका टेपने आणि काढून ठेवलेल्या एका फ्यूजने केले.

त्यानंतरचे काम साबणाच्या पाण्याचे होते. मामांनी गाडी जॅकवर उचलून आधी खाली लोखंडी स्टँड लावले आणि जॅक काढून गाडी स्टँडवर टेकवली. तोवर त्यांनी मला चाकाजवळ वाकूही दिले नाही. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, हा त्यांचा कार्यशाळेतला जुना नियम आहे आणि घरी असले प्रयोग करू पाहणाऱ्याने तो माझ्या साऱ्या लेखात सर्वांत आधी लक्षात ठेवावा. गॅरेजातला मुलगा माझ्यासमोर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरला होता, हे तेव्हा आठवून अंगावर काटा आला. भांडी घासायच्या साबणाचा दाट फेस करून मामांनी तो रंगाच्या ब्रशने आधी रबरी फुग्याच्या घडीवर लावला, कारण रबर जुने झाले की पहिली चीर तेथेच पडते. काही आले नाही. मग ते वर, जेथे नळी पितळी जोडातून स्ट्रटच्या डोक्यात शिरते, तेथे आले. आधी काहीच दिसले नाही. मग जोडाच्या एका बाजूने मोहरीएवढा एक बुडबुडा उठला, फुटला, त्याच जागी दुसरा उठला आणि पाहता पाहता तेथे बुडबुड्यांची माळ लागली.

नळीच्या टोकावर एक उभा ओरखडा होता. त्यातून हवा जात होती, बाकी कोठूनही नाही. हवा सोडून, टोकाचा बोटभर भाग धारदार ब्लेडने सरळ कापून, नवा जोड बसवला की काम झाले. व्हॉल्व्ह ब्लॉक निर्दोष आहे ना, हे पाहण्यासाठी मामांनी त्याआधी एक गोष्ट केली होती, ती मला फार आवडली: त्यांनी ब्लॉकपाशी पुढच्या डाव्या आणि उजव्या नळ्यांची अदलाबदल केली. दोष ब्लॉकमध्ये असता तर बसणारा कोपरा बदलला असता; तो डावाच राहिला, म्हणजे दोष नळीकडे किंवा फुग्याकडेच होता. जोडीला कंप्रेसरचा रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, बदलून घेतला, कारण फार चाललेल्या रिलेचे आतले टोक चिकटते आणि मग कंप्रेसर बंदच न होता जळून जातो. जोड, रिले आणि मामांची मजुरी मिळून ३ हजार ४०० रुपये झाले. दुसरी दुरुस्ती पाच आठवडे का टिकली, तेही आता समजले: स्ट्रट काढताना नळी सुटली आणि परत बसवताना थोडी फिरली, त्यामुळे ओरखडा काही काळ जोडातल्या रबराखाली दाबला गेला.

मग 'नव्या' भागांचे काय? मामांनी रॉकेलचा बोळा स्ट्रटच्या अंगावरून फिरवला, तेव्हा काळा रंग बोळ्यावर उतरला आणि खालून ठोक्याने उमटवलेले आकडे दिसले: २२/०८. अशा भागांवर निर्मितीचा आठवडा आणि वर्ष घातलेले असते. गाडी २०११ ची आणि तिला घातलेला 'नवा' स्ट्रट तिच्याहूनही तीन वर्षांनी थोरला. दुसऱ्या स्ट्रटवर तो आकडाच कानशीने घासून काढलेला होता. कंप्रेसरची कथा याहून पुढची. २०२१ मध्ये पावसाळ्यात गाडीचा तळ धुऊन घेतला, तेव्हा मी मोबाइलवर खालचे काही फोटो काढले होते. त्यात कंप्रेसरच्या आवरणावर एका कोपऱ्यात दगड लागल्यासारखा पोचा दिसतो आणि त्याच्या पट्टीचा एक नट झिजून गोल झालेला दिसतो. 'मुंबईहून आलेल्या' कंप्रेसरवर तोच पोचा होता आणि तोच नट. फवाऱ्याने रंग मारताना खालच्या रबरी गट्ट्यांवरही काळे शिंतोडे उडाले होते. ते पुसण्याचे कष्टही कोणी घेतले नव्हते. माझाच कंप्रेसर, काळा करून, मला ५८ हजारांना विकला गेला होता. तो मुळात बिघडलाच नव्हता, म्हणून तर नऊ दिवस चालला.

मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती थोडी बाजूची असली तरी नोंदवतो. कंप्रेसरच्या पुढे हवा वाळवणाऱ्या दाण्यांची एक डबी असते. गाडी खाली येताना सोडलेली हवा त्याच डबीतून उलटी बाहेर जाते आणि जाताना दाण्यांतला ओलावा घेऊन जाते. गळतीच्या गाडीत हवा भरली जाते, पण त्या वाटेने परतत नाही. दाणे ओलेच राहतात, पाणी पुढे जाऊन आतल्या व्हॉल्व्हना गंज चढतो. त्यामुळे गळती तशीच ठेवून खरोखरचा नवा कंप्रेसर घातला, तरी तोही मारला जातो. म्हणूनच, कोणी गळती न शोधता थेट कंप्रेसरची किंमत सांगू लागला, तर तो अडाणी आहे की लबाड एवढेच ठरवायचे उरते.

हे सगळे फोटो घेऊन मी गॅरेजमालकाकडे गेलो. त्याने चहा मागवला, फोटो शांतपणे पाहिले आणि विचारले, "सर, बिल आहे का?" माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायात हा प्रश्न मी शेकडो लोकांना विचारला असेन, तो मला विचारला गेल्यावर कसे वाटते, हे प्रथमच कळले.

पुढे वकिलामार्फत नोटीस पाठवली. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः पाठवलेले दरांचे संदेश, तारखांसह फोटो आणि मामांचे लेखी म्हणणे एवढे साहित्य जमले होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या वस्तूचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल न देणे हीच मुळी अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे 'बिल कुठे आहे' हा प्रश्न कायद्याने खरे तर त्याच्यावरच उलटतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही मी तक्रार नोंदवली. मात्र रोखीने दिलेल्या रकमेचा कोणताही माग नव्हता आणि बिल नको म्हणण्यात मीही सामील होतो, हे वकिलांनी मला स्पष्ट शब्दांत सांगितले. अखेर ७० हजार रुपये दोन हप्त्यांत परत करण्यावर तडजोड झाली आणि गॅरेजचे नाव कोठेही जाहीर करणार नाही, असे मी लिहून दिले. ते मला जड गेले, पण लिहून दिलेले पाळतो.

माझे मूळचे दोन स्ट्रट परत मिळाले नाहीत. ते 'विकले गेले' एवढेच उत्तर आले. ते कोणाला तरी नवे म्हणूनच विकले असणार, असा माझा पक्का समज आहे. कोणत्याही गॅरेजात गाडी सोडण्यापूर्वी बोनेटखालच्या आणि तळाच्या भागांचे फोटो काढावेत आणि बदलायच्या भागावर आडोशाला नेलपॉलिशचा एखादा ठिपका द्यावा, एवढे मी आता सगळ्यांना सांगतो. काढलेला भाग परत हवा, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्यावे, मग तो चेंदलेला का असेना. बिलावरच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक महाराष्ट्रासाठी २७ असतात आणि तो क्रमांक पोर्टलवर मिनिटभरात पडताळता येतो; हे मी अशिलांना सांगत आलोच होतो. सस्पेन्शनचे काम असेल तर गाडी सकाळी, कंप्रेसर गार असताना दाखवावी आणि फ्यूज काढून ठेवून आदल्या रात्रीत प्रत्येक कोपरा किती बसला, ते चार आकडे सोबत न्यावेत. ते आकडे पाहिल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, त्यावरून बरेच कळते.

जुने का असेनात, त्याने बसवलेले ते स्ट्रट अजून गाडीखालीच आहेत आणि आजवर त्यांतून हवा गेलेली नाही. तरी दर रविवारी मी मोजमाप घेतो, घरचे हसतात. गेल्या डिसेंबरात एका सकाळी चारही आकडे संध्याकाळपेक्षा ३ मिलिमीटरने कमी भरले, तेव्हा घाबरून मामांना फोन लावला. ते म्हणाले, "चारी सारखेच ना? मग गळती नाही मालक. रात्री गारठा पडला, हवा आकसली. ऊन चढू द्या, मग मोजा." दुपारी बारा वाजता मोजले, तेव्हा चारही आकडे जागेवर आले होते.